हैबतीचा वाफा

एकदा एका डोंगरपायथ्याच्या मळ्यात एक तरुण धावतच शिरला आणि कुणाला रामराम न करता विचारू लागला, "माझ्या दादाचा वाफा कुठला? लवकर सांगा, कुठला?"

मळा एका वृद्धाचा होता. मळा म्हणावा, पण खरे तर ती शाळाच होती. फक्त तिला भिंती नव्हत्या आणि पुस्तकेही नव्हती. आसपासच्या गावांतली दहा-बारा माणसे तिथे राहून झाडपाला ओळखायला शिकत. कोणती वनस्पती ताटात घ्यावी, कोणती औषधात आणि कोणती खड्ड्यात, एवढाच तिथला अभ्यास. त्या वृद्धाला सारे आप्पा म्हणत.

आप्पांनी मान वर करून पाहिले. तेच रुंद कपाळ, तेच मोठे कान. ओळख सांगायची गरज नव्हती.

"तू मुकिंदा," ते म्हणाले. "हैबतीचा धाकटा भाऊ."

हैबती सात वर्षे त्यांचा शिष्य होता. आषाढाच्या शेवटी त्याला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मुकिंदा शहरात सिमेंटची पोती उचलायचा. चौथीत शाळा सोडलेला, डोक्याने तापट, पायाने वेगवान. पण त्या दिवशी त्याचे पाय कामाला आले नाहीत. निरोप मिळून तो पोहोचला तेव्हा चिता विझत आली होती. तेरावा आटोपला आणि तो दादाचे कपडे न्यायला म्हणून मळ्यात आला. वाटेत एका माणसाने सांगितले, की तापाच्या दोनच दिवस आधी तुझ्या दादाने वाफा खणून काहीतरी पेरले आहे. तेवढे ऐकले आणि तो धावत सुटला.

"वाफा आहे," आप्पा म्हणाले. "पण तुला काय करायचंय त्याचं?"

"मी सांभाळणार! ऋषिपंचमीला दादाचं नाव पुकारायचंय मला!"

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा जुना नेम. त्या मळ्यात तो जरा निराळ्या रीतीने पाळत. प्रत्येकाने एक वाफा स्वतःच्या हाताने कुदळीने खणायचा, आणि पंचमीला त्यातली ओंजळभर भाजी आणून एकाच मोठ्या पातेल्यात टाकायची. टाकताना ज्याने माती खणली आणि पेरले, त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे. वाफ्यात काही उगवले नसेल, तर नाव नाही. आप्पांचा वाफा एके वर्षी गोगलगायींनी फस्त केला, तेव्हा आप्पांचेही नाव पुकारले गेले नव्हते.

"यंदाचीच पंचमी दादाच्या हाताची," मुकिंदा म्हणाला. "पुढच्या वर्षी कोण खणणार आहे?"

आप्पा उठले. मग त्याला घेऊन वाफ्यापाशी गेले. पाच हात लांब, दोन हात रुंद तुकडा, आणि त्यात हिरव्याची नुसती खिचडी. काही उभे, काही आडवे, काही बारीक, काही जाड.

"यातलं दादाचं कुठलं?"

"ते तुलाच कळेल. आठ दिवस हात लावू नकोस. नुसता बस आणि बघ."

"आठ दिवस नुसतं बघायचं?"

"आठ दिवस," आप्पा म्हणाले आणि वांग्यांकडे वळले.

पहिला दिवस मुकिंदाने कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात शिवशिवू लागले. बघायचे म्हणजे काय बघायचे? त्याला तर वाफ्यात गर्दीच गर्दी दिसत होती. जणू दादाच्या घरात परके लोक घुसून पाय पसरून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्याने खुरपे मागून घेतले आणि मांडीखाली ठेवले. चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. वाफ्याच्या कडेला सात रोपे होती. चार बोटे उंच, जमिनीवर गोल फुलासारखी पसरलेली, नक्षीदार कातरलेली पाने. अगदी गाजराची असतात तशी.

"गाजरं!" तो ओरडला. "दादानं गाजरं पेरलीत!"

दादा साधेसुधे पेरणारच नाही, अशी त्याची खात्री होती. त्याच्या मनात दादा आप्पांचा पट्टशिष्य होता, मळ्यातला सर्वांत शहाणा होता. मग काय विचारता! खुरपे सपासप चालू लागले. जाड, गुळगुळीत पानांचे आणि लालसर देठांचे एक तण वाफाभर जमिनीला चिकटून पसरले होते. ते त्याने मुळासकट खरवडून काढले. आणखी एक तसेच बारीक पानांचे पसरट तण काढले. लव्हाळ्याची पाती ओढून तोडली. सूर्य वर येईपर्यंत वाफा हातावर घ्यावा इतका स्वच्छ झाला. काढलेला ढीग त्याने पाटीत भरला आणि कुंपणापलीकडच्या खडकावर भिरकावला. मग सात रोपांभोवती काटक्यांचे कुंपण केले, प्रत्येकाला तांब्याभर पाणी घातले आणि त्या रात्री, दादा गेल्यापासून प्रथमच, तो गाढ झोपला.

सकाळी मळ्यात स्वयंपाक करणाऱ्या ठकूआत्या कोथिंबीर खुडायला आल्या. वाफा पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"हे कुणाचं लग्न लावलंयस रे?"

"गाजरं आहेत, आत्या! दादाची!"

"गाजरं?" आत्या वाकल्या आणि खो खो हसत सुटल्या. "अरे माझ्या शहाण्या, गाजर गवत आहे ते! काँग्रेस गवत! रस्त्याच्या कडेला छातीएवढं वाढतं, पांढरी फुलं येतात, ते कधी बघितलं नाहीस का? आणि तांब्यानं पाणी घालतोयस? उद्या त्याला दूधभात घालशील!"

मुकिंदाने ते रस्त्याच्या कडेला हजारदा पाहिले होते, पण फुललेले. त्याचे बाळपण त्याने पाहिले नव्हते. त्याच्या हाताला सकाळपासून खाज सुटली होती, ती का, हे आता कळले.

तोवर आप्पा आले. त्यांनी स्वच्छ वाफा पाहिला, काटक्यांचे कुंपण पाहिले, आणि एवढेच विचारले, "काढलंस ते कसं होतं?"

"तणच होतं सगळं. जाड पानं, बुळबुळीत. लाल देठ. जमिनीला चिकटलेलं..."

आत्यांचे हसू जागच्या जागी थांबले.

"मेल्या, ती घोळीची भाजी," त्या हळू म्हणाल्या. "हैबतीनं घोळ पेरली होती. मोहरीपेक्षा बारीक काळं बी, वाळूत मिसळून फेकत होता. मी इथंच उभी होते."

मुकिंदा आत्यांकडे वळला. "मग सांगितलं का नाही मला?"

"तू विचारलंस का?"

"मी सांगायला हवं होतं," आप्पा म्हणाले. "माझी चूक. बघून शिकेल, असं मी धरलं. दुःखात असलेल्या माणसाला आठ दिवस फार असतात, हे मी विसरलो. पण ते नंतर. टाकलंस कुठे?"

"खडकावर. काल सकाळी. आता वाळून काडी झाली असेल..."

"घोळ अशी वाळत नाही. धाव!"

आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडून घंटा किणकिणल्या. गावच्या बकऱ्या डोंगराकडे निघाल्या होत्या, आणि घोळ म्हणजे बकऱ्यांचे पेढे!

मुकिंदा पळाला. कुंपणाला वळसा घालायला वेळ नव्हता, त्याने कुंपणावरून उडी घेतली, धोतराचा सोगा काट्याला देऊन टाकला, आणि "हाऽड! हाऽड!" करत खडकावर पोहोचला. तीन बकऱ्या ढिगात तोंड घालून निवांत चरत होत्या. एकीच्या तोंडातून लाल देठ लोंबत होता. त्याने तो तिच्या दातांतून ओढला. ती त्याच्याकडे अशा नजरेने पाहू लागली, जणू चोर ती नसून तोच आहे.

"दे! माझ्या दादाची आहे ती!" तो बकरीला म्हणाला.

निम्मी भाजी गेली होती. उरलेली पाटीत गोळा करताना त्याचा हात थबकला. कालपासून उन्हाने तापणाऱ्या दगडावर पडून होती, मुळे सुकून दोऱ्यासारखी झाली होती, तरी पाने तशीच ताठ, तशीच थंड आणि ओलसर.

"आत्या! जिवंत आहे! आप्पा, जिवंत आहे ती!" तो ओरडत परत आला.

आप्पांनी पाटी ओसरीवर ओतली. "आता निवड. एकेक देठ मोडायचा. पांढरं दूध आलं तर ती नायटी. दिसायला घोळीची बहीण, पण पोटात गेली तर जुलाब. पाणी आलं आणि पान जाड असलं, तर घोळ."

मुकिंदा बसला. शहरात तो तासाला शंभर पोती उचलायचा, पण असे बारीक काम त्याने कधी केले नव्हते. देठ मोड, बघ, ठेव. देठ मोड, बघ, फेक. पहिल्या दहांत त्याने चार चुकवले. विसाव्यानंतर बोटांनाच कळू लागले. नायटीचे पान पातळ, घोळीचे भरीव. मधेच आंबट वासाची, तीन पानांची आंबुशी निघाली. आत्यांनी ती उचलून थेट तोंडात टाकली आणि डोळे मिचकावले. लव्हाळ्याची पाती पाहून आप्पा म्हणाले, "याचं डोकं काढलंस, गाठी खालीच राहिल्या. परवा बघ, एकाचे चार होतील. लव्हाळा खणून गाठीसकट काढायचा." आणि त्या सात लाडक्या रोपांसाठी त्याला फडके दिले. "हाताला गुंडाळ आणि उपट. फुलावर यायच्या आत खड्ड्यात घातलं तर खत, फुलल्यावर घातलं तर पुढच्या वर्षीची पेरणी."

दुपारपर्यंत ओसरीवर घोळीचा लहानसा ढीग उरला. मुकिंदा त्याच्याकडे असा पाहत होता, जसा कुणी देव्हाऱ्याकडे पाहतो. आता आप्पा ही जशीच्या तशी लावायला सांगतील, असे त्याला वाटले.

आप्पांनी आत्यांकडून विळी मागवली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"चीर."

"काय?"

"बोटबोटभर तुकडे कर. सगळ्यांचे."

मुकिंदा ताडकन उठला. "आप्पा, ऐकून घेतोय म्हणून काय वाट्टेल ते? आधी मी खुरपलं, मग बकऱ्यांनी खाल्लं. आता एवढीशी उरलीय दादाची, ती पण विळीवर घालू? नाही! मला नाही जमणार!"

आप्पांनी विळीवर पाय ठेवला आणि पहिला देठ स्वतः चिरला. मग दुसरा. मुकिंदाने तोंड फिरवले, पण चिरण्याचा कच्च-कच्च आवाज काही थांबेना. शेवटी तो वळला, खाली बसला आणि म्हणाला, "सरका. तुमचे हात थरथरतात. बोट कापाल."

त्याने सगळे चिरले. डोळ्यांतून पाणी गळत होते, आत्या म्हणाल्या, "कांदा चिरतोयस का रे?" आणि पदराने स्वतःचे डोळे टिपले. ते तुकडे दोघांनी वाफ्याच्या ओल्या मातीवर विखुरले आणि वर चिमूट चिमूट माती भुरभुरली.

"पाणी बेताचं," आप्पा म्हणाले. "आणि या वेळी..."

"बघायचं," मुकिंदा म्हणाला. "कळलं."

पंचमीला एकवीस दिवस होते. दोन दिवस तुकडे नुसते पडून राहिले. तिसऱ्या दिवशी काही सडले, तरी मुकिंदाने वाफ्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी उजाडता उजाडता तो वाफ्यापाशी उकिडवा बसला, एका तुकड्याला करंगळीने हळूच हलवले, आणि तुकडा हलेना. त्याने माती बाजूला केली. पेरापासून दोन पांढरे धागे खाली गेले होते. त्याने दुसरा पाहिला. तीन धागे! तिसऱ्याच्या बगलेत तर तांदळाच्या दाण्याएवढी दोन पाने!

मग मळ्यात कुणाला झोप लागू दिली असेल तर शपथ. "रुजली! आत्या, रुजली! ऊठ ना, आत्या! आप्पा, मुळं आलीत, शंभर ठिकाणी आलीत!" कुणी पंचा गुंडाळत आले, कुणी तांब्या हातात घेऊन आले. सारे वाफ्याभोवती वाकून उभे राहिले. मुकिंदा मोजत होता, पंचाहत्तरला चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

गर्दी पांगल्यावर आप्पा त्याच्याजवळ बसले.

"विळी पुढे ठेवली तेव्हा तू मला मनात काय म्हणालास?"

"ते राहू द्या," मुकिंदा लाजला.

"बरं, राहू दे. मी काय करत होतो ते ऐक. आपलं माणूस गेलं, की आपण त्याला आधी मनात मोठं करतो आणि मग त्या मोठेपणाला साजेसं काहीतरी शोधत सुटतो. तुला दादाची गाजरं हवी होती, म्हणून तुला गाजरं दिसली आणि त्यानं खरं पेरलेलं तुझ्या हातून उपटलं गेलं. हैबती गाजरं पेरणारा नव्हता, मुकिंदा. तो घोळ पेरणारा होता. आधी तो जसा होता तसा ओळख. दुसरी गोष्ट. खडकावर ती घोळ एक दिवस, एक रात्र हिरवी होती. तुझं दुःखही तसंच आहे. मरत नाही. पण नुसतं जिवंत राहणं वेगळं आणि रुजणं वेगळं. आख्खं कवटाळून ठेवलंस तर ते हिरवं राहील, पण खडकावरच. तुकडे करायला जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. माझा तो शिष्य होता. पण जितके तुकडे, तितक्या मुळ्या."

मुकिंदाने वाफ्यातली एक नायटी ओळखली, देठ मोडून खात्री केली आणि बाजूला टाकली.

ऋषिपंचमीला ओसरीवर मोठे पातेले चढले. एकेक जण येई, ओंजळ रिकामी करी, नाव पुकारी. अळू आले, माठ आला, भेंडी आली, कुणी मक्याची दोन कणसे आणली. शेवटी मुकिंदा आला. ओंजळ नव्हती, पाटी होती, आणि पाटी काठोकाठ भरली होती.

"कुणाचा वाफा?" आत्यांनी विचारले.

त्याने छाती भरून श्वास घेतला. गेले कित्येक दिवस तो या एका हाकेचा सराव करत होता. पण हाक बाहेर पडली ती सरावासारखी नव्हती. पलीकडच्या डोंगरातली पाखरे उडाली.

"हैबतीऽऽचा वाफाऽऽ!"

मग मागून एक शिष्य म्हणाला, "म्हणजे यंदाही बुळबुळीत!"

आणि ओसरी हसू लागली.

"यंदाही म्हणजे?" मुकिंदाने विचारले.

"अरे, सात वर्षं!" आत्या म्हणाल्या. "सात वर्षं तुझ्या भावानं दुसरं काही आणलं असेल तर शपथ! मी म्हणायची, हैबती, एकदा तरी दोडका आण रे. तर म्हणायचा, दोडका सगळेच आणतात."

"आणि पहिल्या वर्षी त्यानं अर्धी नायटी आणली होती," दुसरा म्हणाला. "आत्यांनी पाटीसकट परत पाठवला!"

"अर्धी कुठली, पाऊण!"

मुकिंदा एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होता. नायटी? दादाने? पट्टशिष्याने? त्याच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलले आणि तो हसू लागला. हसता हसता रडू लागला, आणि रडता रडताच म्हणाला, "थांबा, मी सांगतो. मला ही भाजी अजिबात आवडायची नाही. आई वाढायची आणि मी ताटाखाली लपवायचो. दादा ती गुपचूप उचलून खायचा आणि माझं ताट आईला दाखवायचा. आई म्हणायची, बघ, धाकटा कसा शहाणा! आणि मोठा अजून खातोच आहे, हावरट कुठला! तो बोलणी खायचा, पण कधी सांगितलं नाही त्यानं..."

आता हसण्याची पाळी त्यांची होती. सात वर्षांत हैबतीने ही गोष्ट मळ्यात कुणालाच सांगितली नव्हती. आप्पांनीही ती प्रथमच ऐकली, आणि धोतराच्या टोकाने डोळे पुसत ते बराच वेळ हसत राहिले.

भाजी शिजली. आत्यांनी पहिली वाटी मुकिंदापुढे ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याने घास घेतला. आंबटसर, बुळबुळीत, जशी असायची तशी. त्याने तोंड वाकडे केले, गिळला, आणि दुसरा घेतला. वाटी संपल्यावर त्याने ती पुढे केली.

"आवडली?"

"नाही," मुकिंदा म्हणाला. "वाढा."

आपले माणूस कसे होते हे मनाशी ठरवण्याआधी, ज्यांनी त्याच्याबरोबर जेवण केले त्यांना एकदा विचारावे. आणि त्यांनी विचारले, तर आपल्या वाट्याचे सांगून टाकावे.